दीड तासाचा जोतिबा

"साडेदहा झालेत. बारा म्हणजे बाराला गाडी हलणार. चपला गाडीतच ठेवा, पाकिटं सांभाळा, फोटो काढत मागं राहू नका," एवढं एका दमात सांगून गाइड दार उघडतो. शनिवार-रविवारची 'कोल्हापूर दर्शन' सहल. पहाटे अंबाबाई झाली आहे, आता जोतिबा, मग वाटेतल्या ठरलेल्या हॉटेलात जेवण, पन्हाळा, रंकाळा आणि रात्रीच परत पुणं.

केर्लीला रत्नागिरीचा रस्ता सोडून गाडी घाट चढत असताना शेजारच्या सीटवरचे काका मुलाविषयी सांगत होते. मुलगा क्रूझवर स्वयंपाकघरात आहे, सध्या कॅरिबियनकडे. सकाळी जहाज बेटाला लागतं, संध्याकाळी सुटतं. आज कोझुमेल, परवा नासाऊ. प्रवासी खाली उतरतात, टोपी घेतात, पाण्यात पाय बुडवतात आणि जेवायला पुन्हा जहाजावर, कारण तिथल्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले. मला ते फार लांबचं वाटलं होतं. गाडीतून उतरताना हातातलं वेळापत्रक बघतो, तर आमचंही तेच लिहिलंय.

वाडी रत्नागिरीचा हा डोंगर तीन हजार फुटांच्या वर आहे. पण वर आलं की देवासाठी खाली उतरावं लागतं. देऊळ माथ्यावरच्या खोलगट जागेत आहे आणि तिकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकानं. गुलालाचे ढीग, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ, दवण्याच्या जुड्या. पायरी गुलाबी, भिंत गुलाबी, कोपऱ्यात झोपलेलं कुत्रंही गुलाबी. अनवाणी तळव्यांना दगड आता तापू लागलेले कळतात.

"घ्या की ताई, गुलाल-खोबरं घ्या. दवणा ताजा हाय बघा."

आमच्यातल्या एक बाई ओढणी आवरतात. "नको हो, रंग लागेल."

"लागणारच की! लागल्याबिगर जोतिबाला आल्यासारखं वाटतंय व्हय?"

बाई हसतात, घेत मात्र काही नाहीत. दुकानदारीण माझ्याकडे वळते. "बशीतली माणसं नुसती फोटू काढत्यात. टेम्पोतली घेत्यात." तक्रारीचा सूर नाही, रोजचा हिशेब आहे.

खाली आवारात पोचतो तर रांग थेट बाहेर आलेली. आज रविवार, म्हणजे देवाचाच वार. सहल आखणाऱ्याला सुट्टी दिसली, वार दिसला नसावा. गाइड घड्याळ बघतो. "रांगेत उभं राहाल तर पन्हाळा विसरा. कळसाचं दर्शन घ्या, तेही पोचतं." निम्मी मंडळी शिखराकडे हात जोडून मोकळी होतात. काका रांगेत शिरतात, मी आवारातच थांबतो.

थांबलो ते बरं झालं. काळ्या दगडाची तीन देवळं शेजारी शेजारी उभी आहेत आणि घाईत ती एकच वाटतात. सगळी माणसं मुख्य देवळाकडे धावताहेत. ते १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. त्याआधीचं मूळ देऊळ नावजी सया नावाच्या भक्ताचं, असं सांगतात. केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांचं, १८०८ चं. रामलिंगाचं या दोहोंच्या मधल्या काळातलं, पन्हाळ्याच्या मालजी निलमांचं. ग्वाल्हेरला राज्य गेलं तरी शिंद्यांचं कुलदैवत इथंच राहिलं. आमच्या गाइडनं यातलं काही सांगितलं नाही. त्याचा दोष नाही, त्याला माणसं मोजायची आहेत.

तेवढ्यात हलगी कडाडते. टेम्पोतून उतरलेलं एक कुटुंब पायऱ्यांवरून येतंय. नवरानवरी पुढं, हळद अजून हातावर. म्हातारा मूठभर गुलाल-खोबरं वर उधळतो आणि सगळं आवार ओरडतं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" खोबऱ्याचे तुकडे दगडांवर पडतात, पोरं ते वेचायला झेपावतात. ओढणीवाल्या बाई नेमक्या मधेच सापडतात. आता त्यांचे केस, खांदे, चष्मा, सगळं रंगलंय आणि त्या चक्क खूश आहेत.

त्या कुटुंबाला बघून एक पुजारी पुढं येतात.

"लई दिसांनी आलासा. आज्याचं गुडघं कसं हाय?"

"बरं हाय आता. चढ झेपत न्हाई म्हणून घरीच ठेवलंय."

"निवद आणलाय न्हवं? चला, आधी घरी टेका."

गावागावाचे पुजारी इथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. त्यांच्याच घरी उतरायचं, तिथंच पुरणपोळीचा नैवेद्य, तिथंच पंगत. पुजाऱ्यांची नजर माझ्यावर पडते. "तुमचा पुजारी कोण, पाव्हणं?"

"कुणी नाही. आम्ही सहलीतून आलोय."

"मग जेवायचं कुठं?"

"ते पॅकेजमध्ये आहे."

ते मान डोलावतात, पण समजलेलं काही दिसत नाही. मलाही ते वाक्य उच्चारल्यावर जरा विचित्र वाटतं. डोंगरावर आलेल्या माणसाचं पोट डोंगराखालच्या हॉटेलात गहाण! क्रूझचंही असंच. जमैकात फॉलमाउथला मोठ्या जहाजांसाठी २०११ मध्ये नवा धक्का बांधला, दुकानंही धक्क्याच्या आवारातच. गाव भिंतीपलीकडं. हैतीतल्या लाबादीला तर जहाज कंपनीनं किनाराच भाड्यानं घेऊन कुंपण घातलं. इथं कुंपण नाही, भिंत नाही. बारा वाजायचे आहेत, एवढंच. पण काम तेच होतं.

पावणेबारा. यमाईचं देऊळ जवळच आहे. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्यांच्या मिरवणुकीनंतर पालखी तिच्याच भेटीला जाते. मी गाइडला विचारतो.

"यमाई? साहेब, ती यादीत नाही."

बाराला आम्ही गाडीत. काका नाहीत. गाइड दोनदा मोजतो, फोन लावतो, रेंज नाही. ड्रायव्हर हॉर्न दाबून ठेवतो. काकांनीच सांगितलं होतं, कंपनीच्या सहलीतून गेलात तर जहाज थांबतं. स्वतःच्या मनानं हिंडलात तर धक्क्यावरून त्याची पाठ बघायची. आमची गाडी थांबते. साडेबाराला काका येतात, कपाळावर गुलाल, हातात दवणा आणि खोबऱ्याचा तुकडा. "झालं हो दर्शन! ढकलत ढकलत, पण झालं." सगळ्यांना ते तुकडा मोडून देतात. गाइड पन्हाळ्यातला अर्धा तास कमी केल्याचं जाहीर करतो. कुणी कुरकुरत नाही.

मला विचाराल तर कमी करायचं ते पन्हाळा नव्हे, सहल. एका दिवसात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि रंकाळा कोंबणाऱ्यांनी यातलं एक तरी वगळावं. ज्यांना जमेल त्यांनी सरळ कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जोतिबाची एसटी धरावी. गर्दी सोसत नसेल तर रविवार आणि पौर्णिमा टाळा. चालत असेल तर रविवारीच जा, जुने कपडे घाला, यमाईपर्यंत चालत जा, आणि दुपारचं जेवण डोंगरावरच करा.