वर्षाला एक पुस्तक

डिसेंबर सरत आला की संगणकाची आवड असलेल्यांच्या वहीत नव्या वर्षाचे बेत उतरतात : एक अ‍ॅप, एक संकेतस्थळ, शिवाय एखादी नवी संगणकभाषा. फेब्रुवारीत वही मिटलेली असते. बेत वाईट नसतात. त्यांना माप नसते.

श्रोतेहो, मापातला एक बेत सांगतो. छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात जा आणि हात लावताच कडा तुटणारे मराठी पुस्तक शोधा. लेखक १९६४ साली वारला असेल, तर त्याच्या हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०२५पासून सर्वांना खुली आहेत. अशा पुस्तकाची पाने स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर आणता येतात. यंत्र अक्षरे ओळखते, पण जोडाक्षरांत अडखळते. तिथे माणसाचा डोळा लागतो. एकाने तपासलेले पान दुसरा पडताळतो.

पुस्तक शंभर पानांचे घ्या. आठवड्याला दोन पाने तपासली, तर ५० आठवडे लागतात. उरलेले दोन ईद-दिवाळीला ठेवा. वर्षअखेरीस ते पुस्तक परदेशातल्या मराठी घरातही उघडेल.

बेत पुढच्या वर्षावर ढकलता येतो. कागद तेवढा थांबेलच असे नाही.