वहीत नसलेला रकाना : किनाऱ्यावरचे पक्षी मोजताना भरतीची वेळ का लिहायची?

पीएचडीच्या पहिल्या हिवाळ्यात मी अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी पक्षी मोजायला जायचे. एक आड एक रविवार, सकाळी बरोबर आठला. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, दुर्बीण तीच. पद्धत अगदी शिस्तीची आहे असं मला वाटत होतं. कार्तिकी एकादशीच्या सुमारास सुरुवात केली आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत आकडा आधीपेक्षा कमी. शेवटचा आकडा तर पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली. त्याच काळात जवळच जेटीचं काम सुरू झालेलं. मी मनात निष्कर्ष लिहूनसुद्धा टाकला : बांधकामामुळे पक्षी गेले.

आलेख घेऊन गाईडकडे गेले. सरांनी एकच प्रश्न विचारला, "प्रत्येक वेळी भरती किती वाजता होती?" माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

आधी पक्ष्यांचं गणित समजून घेऊ. चिखल्या, तुतारी, कोरल, पाणटिवळा यांच्यासारखे किनारी पक्षी साधारण ऑगस्टपासून आपल्याकडे यायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक परततात. कर्ल्यू सँडपायपर, लिटल स्टिंट हे तर थेट आर्क्टिक टुंड्रातून येतात. हिवाळाभर त्यांचं घड्याळ सूर्यावर कमी आणि समुद्रावर जास्त चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खायला लांबवर पांगतात. चिखल्या डोळ्यांनी भक्ष्य हेरून टिपतो, तर कोरल लांब वाकडी चोच चिखलात खोल खुपसतो. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि सगळे उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने येऊन बसतात. म्हणून मोजणी शक्यतो भरतीच्या विश्रांतीच्या जागी करतात. ओहोटीला तेच पक्षी किलोमीटरभर पसरलेले असतात आणि निम्मे आपल्याला दिसतही नाहीत.

आता माझी चूक बघा. आपल्याकडे दिवसातून दोन वेळा भरती येते आणि रोज ती साधारण 50 मिनिटं उशिरा येते. कोकणातली जुनी रीत अशी की तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ. माझी पहिली फेरी एकादशीच्या आसपास होती, म्हणजे आठ वाजता भरती जवळजवळ पूर्ण. पक्षी माझ्यासमोर ओळीने बसलेले.

पण पंधरवडा 14 दिवसांचा नसतो. अमावास्या ते पौर्णिमा हे अंतर सरासरी 14.77 दिवसांचं असतं आणि मी 14 दिवसांनी जात होते. त्यामुळे प्रत्येक फेरीत भरती आधीच्या फेरीपेक्षा सुमारे 38 मिनिटं लवकर येऊन गेलेली असायची. सहा फेऱ्या म्हणजे मधली पाच अंतरं, म्हणजे 190 मिनिटं. तीन तासांहून जास्त! शेवटच्या फेरीला तिथी सप्तमीच्या आसपास आणि भरती पहाटे सव्वापाचच्या सुमारास. मी आठला पोचले तेव्हा पाणी उतरलेलं, पक्षी पांगलेले. माझा सुंदर उतरता आलेख पक्ष्यांचा नव्हताच, तो पाण्याचा होता.

गंमत म्हणजे हे मला आधीच सांगितलं गेलं होतं. तिथे तिसऱ्या काढायला येणाऱ्या एक मावशी डिसेंबरातच हसून म्हणाल्या होत्या, "बाय, तू पाखरं मोजतेस का पाणी? उधाणाला ये, सगळी एका जागी बसतात." मी हसून मान हलवली आणि मोजत राहिले.

संख्याशास्त्रात याला एलियासिंग म्हणतात. निसर्गाचं एक चक्र आणि आपल्या भेटींचं दुसरं चक्र जवळजवळ जुळलं की नसलेला कल दिसू लागतो. "दर वेळी त्याच वेळी" ही शिस्त तेव्हा उपयोगाची, जेव्हा घड्याळ बरोबर निवडलेलं असतं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? तर ऐका. एखाद्या पाणथळीत एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी 1 टक्का पक्षी नियमित येत असतील, तर ती जागा रामसरच्या निकषात बसू शकते. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली. अशा निर्णयांमागे कोणीतरी चिखलात उभं राहून केलेली मोजणी असते. चुकीच्या वेळी मोजलं तर भरलेली जागा कागदावर रिकामी ठरते, आणि रिकाम्या जागेवर भराव टाकणं सोपं असतं. शिवाय फक्त ओहोटीचा चिखल वाचवून भागत नाही. भरतीला बसायला मिठागर, तळं, वाळूचा पट्टा हवाच. बसलेले पक्षी वारंवार उठवले की परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी उडण्यात खर्च होते. ती चरबी म्हणजे काय चीज आहे बघा : 2022 मध्ये पाच महिन्यांच्या एका बार-टेल्ड गॉडविटने अलास्का ते टास्मानिया हे 13,560 किलोमीटर अंतर न थांबता 11 दिवसांत कापलं.

फील्डवर्क सुरू करणार असाल तर माझ्या वहीतले हे नियम घ्या. भरतीची वेळ आणि मोजणीची वेळ, दोन्ही लिहा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यांत बसवा आणि पुढे त्या मापाने चला. दोघांनी वेगवेगळं मोजा, आकडे शेवटीच जुळवा. लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर यांत खात्री नसेल तर "चिखल्या, जात अनिश्चित" असंच लिहा. लेसरच्या तर अलीकडे सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती मानल्या गेल्यात. प्रामाणिक कच्ची नोंद उद्या सुधारता येते, अंदाजाने भरलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी भरतीचं वेळापत्रक समोर ठेवून फेऱ्या आखल्या. ते आकडे वापरण्याजोगे आहेत. पण जेटीचं काम सुरू झालं त्या वर्षी पक्षी खरंच कमी झाले होते का? ते आता कधीच कळणार नाही. कदाचित झालेही असतील. तो हिवाळा परत मोजता येत नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आता पेनाने आखलेला एक रकाना आहे. तो सगळ्यात आधी भरते, दुर्बीण नंतर काढते.