तेल आटण्यापूर्वीचे संकट

जगातील खनिज तेल एके दिवशी संपणार, हे भाकीत आता इतके जुने झाले आहे की ते ऐकून कोणी दचकत नाही. अमेरिकेचे तेल-उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठील आणि मग उतरणीस लागेल, असे किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितले होते, आणि तसे घडलेही. पुढे खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले व २०१८ मध्ये अमेरिकेने तो जुना उच्चांक मागे टाकला. तेव्हापासून भाकितांची थट्टा करणे सोपे झाले आहे. तथापि विहिरी कोरड्या पडण्याच्या कितीतरी आधी स्वस्त तेल संपते, आणि सामान्य माणसाचा संबंध येतो तो त्या स्वस्ताईशी.

पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. येथील मोसंबी दूरच्या शहरांकडे जाते ती ट्रकने. डिझेल महागले की भाडे वाढते. हा बोजा कोणाच्या माथी पडावा, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडेल: ज्याला थांबता येत नाही त्याच्या. शहरातील ग्राहक मोसंबीऐवजी दुसरे फळ घेऊ शकतो, व्यापारी भाडे वजा करून बोली लावू शकतो. झाडावर पिकलेले फळ मात्र थांबत नाही. होर्मुझच्या सामुद्रधुनीतील तणावाची किंमत अशा रीतीने पाचोडच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वळती होते.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला, तेव्हा हे प्रथम ध्यानी आले. भारताचे दैव असे की १९७४ मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला आणि मे १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले. त्याच वर्षी इकडे जायकवाडी धरण पूर्ण झाले. दोन्ही संपत्तीच, पण एकीचा साठा पाऊस पुन्हा भरून देतो, दुसरीचा भरत नाही. नाथसागराचे पाणी हे उत्पन्न आहे, समुद्रतळाचे तेल हे भांडवल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाची सुमारे दोन तृतीयांश गरज स्वदेशी तेलाने भागत होती. भांडवल विकून घरखर्च चालवावा तसे ते वापरले गेले. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाचे उत्पन्न पुढील पिढ्यांसाठी बाजूला काढण्यास आरंभ केला. अर्थात ती तुलना पूर्णतः न्याय्य नव्हे. चिमुकल्या, निर्यातदार नॉर्वेला जे परवडते ते भारताला कसे परवडावे? परंतु मिळालेल्या उसंतीत रेल्वेची मालवाहतूक तरी वाढवता आली असती. झाले उलटे; माल रुळावरून रस्त्यावर आला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला, तेल भडकले, आणि १९९१ मध्ये देशाचे सोने परदेशी बँकांकडे ठेवावे लागले. त्या अरिष्टाला इतर कारणे होतीच. निमित्त मात्र तेलाचे झाले. बॉम्बे हायचे उत्पादनही तोवर शिखर ओलांडून गेले होते.

आज कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. विशाखापट्टणम, मंगळुरू व पादूर येथील भूमिगत साठवणीची क्षमता ५३ लाख टनांच्या आसपास, म्हणजे देशाला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरेल एवढी आहे. २०२२ नंतर रशियाचे सवलतीचे तेल घेतले गेले आणि त्याबरोबर पाश्चात्त्य देशांची नाराजीही पदरी आली. परावलंबी देशाचे परराष्ट्र धोरण तेलाच्या पिंपावर बसूनच ठरते.

यात सरकारची एक सोय दडलेली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजाराच्या हाती सोपवले गेले; लगोलग जगात भाव कोसळले, तेव्हा उत्पादन शुल्क वारंवार वाढवून त्या लाभाचा मोठा भाग तिजोरीत वळवण्यात आला. तेल स्वस्त झाले तर कर आणि महाग झाले तर भाव, अशा दुहेरी मापाने मोजणाऱ्या राज्यसंस्थेला तेलाची सवय सुटावी असे मनापासून का वाटावे?

उसाच्या इथेनॉलकडे बोट दाखवले जाते. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेथे इंधनासाठी ऊस वाढवणे म्हणजे तेलाची टंचाई पाण्याच्या टंचाईने फेडणे होय. सौर पंपाचे तसे नाही. तो विहिरीवरचे डिझेल खरोखर वाचवतो. प्रश्न उरतो तो बागेपासून बाजारापर्यंतच्या वाटेचा. पाचोडला रेल्वे नाही. डिझेलवरील करातून जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा शीतगृहे आणि लोहमार्ग यांसाठी कायद्याने राखून ठेवावा, ही मागणी अर्थसंकल्पाच्या वेळी मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी लावून धरण्याजोगी आहे.