मुंबईच्या मंडईत एक सकाळ

बोरी अरबच्या शेतकऱ्यास मुंबईस जावयाचे झाल्यास दारव्हा, कारंजा या वाटेने मूर्तिजापुरास येऊन आगगाडी धरता येते. मुंबईत तो समुद्र पाहतो, देवदर्शन घेतो व परततो. आमची सूचना अशी की, त्याने एक सकाळ महात्मा ज्योतिबा फुले मंडईसाठी, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटासाठी, राखून ठेवावी.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसावरून तेथे पायी जाता येते. हातगाड्या, डोईवर पाट्या घेतलेले हमाल आणि फेरीवाले यांच्या गर्दीतून वाट काढीत मंडईच्या दाराशी आले की क्षणभर थांबून वर पाहावे. ही इमारत 1869 साली पुरी झाली. तिच्या दारावर लॉकवुड किपलिंग यांची शिल्पे असून त्यांत गव्हाच्या शेतात राबणारे शेतकरी कोरलेले आहेत. शहराने अन्नदात्यास दारावर मान दिला खरा. परंतु त्याच्या पदरी काय पडते, याचा विचार आत जाऊन करावयाचा आहे.

आत फळांच्या राशी लागलेल्या असतात. एका आकाराची संत्री एकीकडे, लहान दुसरीकडे. डागी फळ पुढे येतच नाही. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेते, हे दुकानदार पुरते जाणतो. येथील घाऊक व्यापार 1996 साली वाशीस गेला. तेव्हा या भावात गाडीभाडे, हमाली, नासाडी व मधल्या हातांचा नफा मिळालेला असतो. तो सर्वच लूट म्हणणे न्यायाचे होणार नाही. मात्र निवड करणे व प्रत लावणे ही कामे आपल्या शेतावरही होण्यासारखी आहेत.

वऱ्हाडास बाजाराची शिस्त नवी नाही. वाटेवर लागणाऱ्या कारंजास 1886 सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. 2016 पासून तर फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याचीही मोकळीक आहे.

म्हणून मंडईत हिंडताना आपल्याकडे पिकणाऱ्या एखाद्या जिनसाचा भाव टिपून घ्यावा व त्याच दिवशीचा गावाकडील भाव विचारून ताडून पाहावा. पुढे माल विकताना तो निवडून न्यावा, वजन डोळ्यांदेखत करवावे व हिशेबाची पट्टी घेतल्यावाचून उठू नये. एवढे साधले तरी प्रवासखर्च वाया गेला असे म्हणावे लागणार नाही.