वाढत्या वयाची मुले आणि घरातले हसू

आपल्या समाजात मुलांच्या शिक्षणाविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे मुलांच्या वयाविषयी बोलले जात नाही. विहारातील कार्यक्रम असो, जयंतीची सभा असो की लग्नाच्या मांडवातील गप्पा असोत, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा समोर दिसला की आपला पहिला प्रश्न असतो, "कितवीला आहेस?" आणि दुसरा, "किती टक्के पडले?" तिसरा प्रश्न बहुधा नसतोच. मुलगा कसेबसे उत्तर देऊन पसार होतो आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना मोठ्या माणसांशी बोलायलाच नको.

त्यातूनही तो हाती लागलाच तर आपण त्याला बाबासाहेबांचे उदाहरण देतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तू? हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मुलगा आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही. जयंतीच्या निमित्ताने सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम अनेक ठिकाणी होतो आणि तो स्तुत्यच आहे. मुले त्यात आनंदाने बसतात, कारण तिथे सोबत असते आणि मध्ये चहा-पोहे असतात. परंतु त्याच अठरा तासांची घरात छडी झाली की बाबासाहेब मुलाला आपले वाटेनासे होतात. भिंतीवरच्या तसबिरीखालून जाताना तो मान खाली घालतो. आम्हाला ही गोष्ट फार गंभीर वाटते, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखात हसण्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम हे वय म्हणजे काय ते पाहू. मुलांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात एका वर्षात ९-१० सेंटिमीटरपर्यंत भर पडू शकते. हातपाय आधी लांबतात, धड मागाहून येते. त्यामुळे मुलगा स्वयंपाकघरातून नुसता गेला तरी एखादा पेला खाली येतो. त्याला वेंधळा म्हणण्यात अर्थ नाही. आपला हात कुठवर पोहोचतो हे त्याचे त्यालाच अजून ठाऊक नसते. घशातील स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि "आई" अशी हाक मारताना सुरुवात एका माणसाची व शेवट दुसऱ्याचा होतो. जूनमध्ये घेतलेला शाळेचा बूट दिवाळीला लागू लागतो. पोळ्यांचा हिशेब तर कोणी ठेवूच नये.

झोपेचेही तसेच आहे. या वयात झोप आणणारे द्रव्य शरीरात पूर्वीपेक्षा उशिरा तयार होऊ लागते. म्हणून मुलाला रात्री लवकर झोप येत नाही व सकाळी उठवत नाही. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. मोबाईलने त्यात भर घातली हे खरे, पण सगळाच दोष मोबाईलचा नव्हे. मेंदूचा जो पुढचा भाग परिणामांचा विचार करतो, मोह आवरतो, त्याची वाढ पुरी व्हायला वयाची विशी उलटावी लागते. राग, भीती, लाज या भावना मात्र आधीच पूर्ण ताकदीने हजर असतात. घोडा तयार आणि लगाम अजून कारखान्यात, अशी ही अवस्था असते. त्यातून आपण मुलग्यांना लहानपणापासून "रडतोस काय मुलीसारखा" असे शिकवलेले असते. मग भीती वाटली तरी तो चिडतो, लाज वाटली तरी चिडतो, आणि काहीच सुचेनासे झाले की गप्प बसतो. यांपैकी गप्प बसण्याचीच आम्हाला अधिक काळजी वाटते.

हे मौन फोडायला उपदेशाचा उपयोग फारसा होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी अशी म्हण आपण मुलांविषयी वापरतो, पण घडा पालथा का झाला हे विचारत नाही. हसण्याने मात्र पुष्कळ वेळा काम होते. आमच्या घरी दोन मुलगे, एक नववीत व एक बारावीत. काही काळ दोघांचाही शब्दकोश दोन शब्दांवर आला होता, "माहीत नाही." शाळेत काय झाले? माहीत नाही. जेवणार का? माहीत नाही. शेवटी त्यांच्या आईने नियम केला की जो कोणी "माहीत नाही" म्हणेल त्याने एक भांडे घासायचे. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हाला विचारले, "उद्या डब्याला भाजी कोणती करू?" आम्ही सवयीने उत्तर दिले, आणि घरातील सर्वांत मोठा कुकर आमच्या वाट्याला आला. धाकटा मोरीच्या दाराशी उभा राहून "पप्पा, तळाला अजून राहिलंय," असे मार्गदर्शन करीत होता. त्या रात्री मोठ्याने आपणहून सांगितले की त्याला रसायनशास्त्र समजत नाही आणि शिकवणीत विचारायची लाज वाटते. आठवडाभर खोदून विचारले असते तरी तो हे बोलला नसता.

परंतु हसणे आणि हसे करणे यांत फरक आहे. मुलाच्या मुरुमांवरून, फुटलेल्या आवाजावरून, काळ्या-सावळ्या रंगावरून, नापास झालेल्या विषयावरून पाहुण्यांसमोर विनोद करणे म्हणजे टिंगल होय. पाहुणे हसतात, मुलगाही कसनुसा हसतो, आणि नंतर पाहुणे आले की तो घराबाहेर राहू लागतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांतला अपमान सोसला, त्याने तरी आपल्या मुलाचा अपमान घरच्या ओसरीवर करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या मते विनोद करायचा तर आधी स्वतःवर करावा. कुकर घासणाऱ्या बापाला हसण्यात मुलाचे काही जात नाही.

थट्टेची दुसरी मर्यादा तथागतांनी राहुलाला घालून दिली. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात ही हकीकत येते. राहुलाने पाय धुण्यासाठी पाणी आणून ठेवले. बुद्धांनी पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते दाखवून सांगितले की ज्याला जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नाही त्याचे श्रामण्य एवढेच, या उरलेल्या पाण्याइतके. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी राहुलाला तेच विचारले, हे तुला दिसते का? शेवटी त्यांनी सांगितले की थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही. त्यानंतर आरशाचा दाखला देऊन, करण्यापूर्वी, करताना व केल्यावर आपल्या कृतीकडे पाहावे असे शिकवले. एवढा मोठा उपदेश, पण साधने कोणती, तर तांब्याभर पाणी आणि आरसा. आपल्या घरातील मुलगा आरशासमोर दिवसाचा किती वेळ घालवतो हे पाहता ही उपमा त्याला चटकन समजावी!

विनयपिटकातील राहुलाची दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे थोडी विस्ताराने देतो. उपसंपदा न झालेल्या व्यक्तीबरोबर भिक्खूंनी एका छपराखाली झोपू नये असा नियम झाला होता. बुद्ध कोसंबीला बदरिकारामात असताना भिक्खूंनी या नियमाकडे बोट दाखवून राहुलाला सांगितले की तू आपली झोपण्याची जागा पाहा. राहुल अजून सामणेर होता. इतर कोठे आसरा मिळेना, तेव्हा तो कुरकुर न करता शौचकुटीत जाऊन झोपला. पहाटे बुद्ध तिकडे गेले. बाहेरून त्यांनी खाकरले. आतून राहुलानेही खाकरले. आत कोण आहे असे विचारल्यावर उत्तर आले की मी राहुल. येथे का बसलास, असे त्यांनी विचारले आणि राहुलाने घडलेले सर्व सांगितले. त्यावर बुद्धांनी भिक्खूंना बोलावले आणि दोन-तीन रात्री अशा व्यक्तीबरोबर एका छपराखाली झोपण्यास मुभा दिली. नियम करणाऱ्यानेच तो मुलाची अडचण पाहून सैल केला.

ही गोष्ट वाचताना आम्हाला हसूही येते आणि गळाही दाटतो. आजच्या घरातला मुलगा न्हाणीघरात अर्धा-अर्धा तास बसतो. दोन खोल्यांच्या घरात कडी लावता येईल असे ते एकच दार असते. आपण त्या दारावर धपाधप मारतो. बुद्धांनी खाकरले, वाट पाहिली आणि कारण विचारले.

आता बाबासाहेबांकडे येऊ. अठरा तासांच्या अभ्यासाची कथा आपण ज्या काळाबद्दल सांगतो तो त्यांच्या परदेशातील शिक्षणाचा काळ. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा २२ वर्षांचे होते. त्यांच्या शाळकरी वयातील एक आठवण मुलांना अवश्य सांगावी. साताऱ्याला असताना भीमाच्या मनात आले की मुंबईला पळून जावे आणि गिरणीत काम धरावे. त्यासाठी भाड्याचे पैसे हवेत. आत्याच्या कमरेला पैशांची पिशवी असे. ती लांबवण्याचा प्रयत्न त्याने तीन रात्री केला आणि तिन्ही फुकट गेल्या. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहतो तो आत फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कोठली गाठणार? तेथून त्याने चोरीचा विचार सोडला आणि नेटाने अभ्यास करून लवकर स्वतःच्या पायांवर उभे राहायचे ठरवले. ही आठवण पुढे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. ही गोष्ट ऐकून मुले मोठ्याने हसतात आणि नंतर प्रश्न विचारतात. अठरा तासांची गोष्ट ऐकून कोणी प्रश्न विचारलेला आम्ही पाहिलेला नाही.

रामजीबाबा शिस्तीचे कडक होते. परळच्या चाळीतील एका खोलीत भीमाने लवकर झोपावे, रात्री दोन वाजता वडिलांनी उठवावे आणि मग त्याने अभ्यासाला बसावे, असा क्रम होता. पण तोवर वडील स्वतः जागे राहत, हे आपण सांगायला विसरतो. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जात आणि त्यांचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणीत. अशा बापाला मुलाचे कौतुक मात्र जड जाई. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा वस्तीतील लोकांनी सत्काराचे ठरवले. रामजीबाबांनी साफ नकार दिला, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. शेवटी मंडळींनी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना गाठले. केळुसकरांनी वाद घालून त्यांना राजी केले, आणि त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकीकत दिली आहे. डोक्यात हवा जाईल या भीतीपायी तो सत्कार टळला असता तर ते पुस्तक त्या दिवशी त्या मुलाच्या हाती पडले नसते. आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभाला खर्च कशाला, असे विचारणाऱ्या सभासदांनी हे लक्षात घ्यावे.

गुणगौरव होतो तो वरच्या टक्क्यांचा. ज्याचे विषय राहिले त्याला त्या दिवशी कोणी बोलावत नाही, आणि धीराची खरी गरज त्यालाच असते. निकालाच्या दिवशी दुपारी अशा घरी कोणीतरी जावे, गुणपत्रिका न मागता जेवायला बसावे. दहावीला एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्र मंडळाच्या ए.टी.के.टी. सवलतीनुसार अकरावीला प्रवेश घेता येतो, आणि २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होत असल्याने वर्ष वाया जात नाही. हे अनेक पालकांना निकालाच्या दिवशी आठवत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवावे. मुलगा जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये व डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. पालकांना तुमचे वय कळत नाही असे तुम्हाला वाटते. त्यांनाही कधी हे वय होते, फक्त त्या वेळी त्यांना कोणी विचारले नाही. एखाद्या रात्री त्यांनाच विचारून पाहा की चौदाव्या वर्षी त्यांची सर्वांत मोठी फजिती कोणती झाली.

धीर देण्याचा आणखी एक साधा मार्ग आमच्या रोजच्या कामातला आहे, तो सांगतो. १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते. शिष्यवृत्तीचे असोत की मामाने दिलेले असोत, ते पैसे त्याच्या नावावर राहू द्यावेत. खाते उघडताना मुलगा मोठ्या ऐटीत सही करतो, खाली दोन रेघा, वर एक टिंब. तीन महिन्यांनी पैसे काढायला येतो तोवर सही पार बदललेली असते. रेघा गेलेल्या, टिंबाच्या जागी वेलांटी. आम्ही स्लिप परत करतो आणि विचारतो, "काय रे बाळा, या खात्यात माणसे किती आहेत?" तो लाजून हसतो. आई पुढे होऊन स्लिप भरू लागते, तर तो म्हणतो, "आई, तू थांब गं." मग जीभ दातांत धरून तो आपली जुनी सही आठवतो, पैसे घेतो आणि काउंटरवरच दोनदा मोजतो.