दयेचा हिशेब

रोमच्या मध्यवस्तीत लार्गो दी तोर्रे आर्जेन्तिना नावाचा चौक आहे. १९२६ ते १९२९ या काळात तेथे उत्खनन झाले आणि रस्त्याच्या पातळीखाली चार प्राचीन मंदिरे उजेडात आली. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्यूलिअस सीझरची हत्या ज्या सभागृहात झाली, त्याचे अवशेषही तेथेच आहेत. २०२३ मध्ये पर्यटकांसाठी मार्गिका खुली होईपर्यंत या जागेत सामान्य माणसाला प्रवेश नव्हता; भटक्या मांजरांनी मात्र ती केव्हाच आपली केली होती. वाहनांची भीती नाही, ऊन भरपूर आणि वरून कोणीतरी दोन घास टाकणारच, अशी ती जागा. १९९० नंतरच्या दशकात काही स्वयंसेविकांनी तेथे मांजरांसाठी आश्रयस्थान उभे केले. देणग्यांवर आणि विनावेतन श्रमांवर ते आजवर चालले आहे.

माणसे उपाशी असताना हे मांजरांचे लाड कशासाठी, असा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. तो विचारण्यापूर्वी हे काम नेमके काय आहे, ते पाहिले पाहिजे. खाऊ घालणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय. मांजरी सहा महिन्यांची होते न होते तोच माजावर येते, गाभण राहिल्यापासून नऊ आठवड्यांत व्याते आणि वर्षातून दोन-तीन वेळाही व्याते. नुसते अन्न पुरविले, तर पिले वाढतात आणि त्यांच्याबरोबर रोग, उपासमार व मृत्यूही वाढतात. म्हणून पिंजरा लावून मांजर पकडणे, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करवून घेणे, ते सावरेपर्यंत सांभाळणे आणि पुन्हा त्याच्या कळपात सोडणे, हे खरे काम. अन्न हा चालू खर्च. शस्त्रक्रिया ही गुंतवणूक. हा भेद ज्या दयेला कळत नाही, ती दया दुःखाचेच उत्पादन करते.

इटलीच्या १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने या कामाची विभागणी चांगली केली आहे. मोकळ्या मांजरांचे निर्बीजीकरण सरकारी आरोग्ययंत्रणेने करावे. त्यांच्या वसाहतींची देखभाल प्राणिमित्र संस्थांना करता यावी. गंभीर वा असाध्य आजार असल्याखेरीज त्यांना मारू नये. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणाऱ्यास दंडही त्यात सांगितला आहे.

असे असूनही हिशेब जुळत नाही. १९९१ ते २००० या दहा वर्षांत रोममध्ये सुमारे आठ हजार मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील १०३ वसाहतींची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मांजरांची संख्या १६ ते ३२ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले; पण बाहेरून नव्याने येऊन मिळालेल्या मांजरांचे प्रमाणही सुमारे २१ टक्के होते. त्यांत काही आपसूक आलेली, तर काही लोकांनी आणून सोडलेली. घरच्या मांजरांच्या प्रजननाला लोकांनी आळा घातला नाही, तर हा सारा पैसा, वेळ व श्रम वाया जातील, असा स्पष्ट निष्कर्ष पाहणी करणाऱ्यांनी काढला.

प्रश्नाचे मूळ येथे आहे. मांजर पाळण्याचे सुख एका घराने भोगायचे आणि पिलांचा भार परक्याच्या अंगणात टाकायचा, हा व्यवहार रोमपुरता नाही. पिले पोत्यात घालून मंडईपाशी किंवा मासळीबाजारात सोडून येण्याची रीत आपल्याकडेही घरोघर ठाऊक आहे. 'तिथे त्यांना खायला मिळेल' हे त्यावरचे ठरलेले समाधान. प्रत्यक्षात एका घराने चुकविलेला खर्च कोणीतरी भरत असतो: कधी ते पिलू आपल्या जिवाने, कधी एखादी स्वयंसेविका आपल्या तुटपुंज्या पगारातून.

अशा मंडळींना देणगी द्यावी, महापालिकांनी शस्त्रक्रियांचा खर्च उचलावा, हे योग्यच आहे. परंतु गळक्या हौदात पाणी ओतणाऱ्याचे कौतुक करून गळती थांबत नाही. आपल्या घरच्या मांजरीची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणारा गृहस्थ कोणत्याही संस्थेचा सभासद नसतो. तरीही या कार्याला सर्वांत मोठा हातभार त्याचाच लागतो.