नळाचे पाणी आणि शेतातील औषध

गिरगावातील चाळीत पहाटे नळाला पाणी येते, तेव्हा ते कोठून आले याचा विचार सहसा कोणी करीत नाही. लालबाग-परळच्या खोल्यांतही तीच स्थिती. वास्तविक मुंबई शहराला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे असते. धरणातून सोडलेले हे पाणी नदीच्या उघड्या पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून उचलून पांजरापूर येथे शुद्ध करण्यात येते. वाटेत गावे आहेत, भातखाचरे आहेत. खाचरात फवारलेल्या औषधाचा दादरच्या स्वयंपाकघराशी संबंध जुळतो तो या वाटेवर.

पूर्वी मुंबईकरांचे पाणी वाडीतल्या विहिरीतच असे. शहरातील हिवतापाविषयी डॉ. सी. ए. बेंटली यांचा अहवाल 1911 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिवताप पसरविणाऱ्या डासांची पैदास प्रामुख्याने विहिरींत होत असल्याचे दाखवून देण्यात आले होते. त्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यात आल्या, काहींवर झाकणे बसली. धार्मिक कारणांसाठी विहिरी हव्या असलेल्या नागरिकांचा त्यास विरोधही झाला. उरलेल्या विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्याचा उपाय आजही केला जातो. हा उपाय स्वस्त आहे म्हणूनच चांगला, असे नव्हे. मासा अळी खातो, पण पाणी विषारी करीत नाही. कीटकनाशकाला मात्र डासाची अळी आणि पाण्यातील इतर जीव यांतील भेद कळत नाही.

या इतर जीवांत जलपिसू महत्त्वाची. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव पाण्यातील सूक्ष्म शेवाळ खातो आणि स्वतः माशांच्या पिल्लांचे खाद्य होतो. पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात क्लोरपायरीफॉस 30 मायक्रोग्रॅमपर्यंत आणि मॅलेथिऑन 190 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. प्रयोगशाळेतील चाचण्यांत मात्र लिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी क्लोरपायरीफॉस दोन दिवसांत निम्म्या जलपिसवा निकामी करते. म्हणजे माणसासाठी निर्धोक ठरलेले पाणी नदीसाठी निर्धोक असेलच असे नाही. जलपिसवा संपल्या की शेवाळ माजते, माशांच्या पिल्लांची उपासमार होते, आणि तरीही मेलेला एकही मासा तरंगताना दिसत नाही. उलट, मेलेले मासे दिसले की ते औषधानेच मेले असेही समजू नये. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मरतात ते पाण्यात सोडलेले अन्न कुजून प्राणवायू कमी झाल्यामुळे.

डीडीटीसारख्या जुन्या औषधांचा धोका वेगळ्या प्रकारचा होता. ती चरबीत साठत आणि एका जीवाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाई. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्ये बंद झाला, तर एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली. त्यांच्या जागी आलेली पुष्कळ औषधे लवकर विघटित होतात; परंतु पहिल्या काही दिवसांत, आणि नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर, ती अतिशय मारक ठरतात.

शुद्धीकरण केंद्र हे सर्व निस्तरील, अशी समजूत आढळते. तुरटी आणि वाळूच्या गाळण्या गाळ काढतात. विरघळलेले औषध त्यांतून बरेचसे निसटते. क्लोरीनमुळे तर क्लोरपायरीफॉसपासून त्याहून अधिक विषारी पदार्थ तयार होतो. सक्रिय कोळशाने ते पकडता येते, पण तो खर्च मोठा. औषध नदीत जाऊच न देणे कितीतरी सोपे.

फवारणीचा पंप आणि रिकामे डबे ओढ्यावर धुणे, हे यातील सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण. पंप धुतलेल्या पाण्याने जलप्रदूषण होणार नाही, अशी त्याची विल्हेवाट लावण्याचे बंधन 1971 च्या कीटकनाशक नियमांतच आहे. ते फारसे कोणाच्या कानावर नसते, एवढेच. ग्रामपंचायतीने पाणवठ्यापासून दूर एक जागा नेमून दिली आणि पावसाची चिन्हे असता फवारणी करू नये असे दवंडीने कळविले, तर त्यासाठी वेगळ्या निधीची गरज पडत नाही. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखल्यास शेतातून वाहून येणारे बरेच औषध तेथेच अडते. शिक्षकांना तर गावतळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरता येईल. उड्या मारणारे पांढुरके ठिपके मुलांना दिसले, तर त्या जलपिसवाच असण्याचा संभव अधिक.